शेऱ्यातला भांग

पहिली लाल रेघ मारली तेव्हा मंदाकिनीला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला होता. संशयाचा एक आकडा सरासरीत घेणं म्हणजे तापलेल्या दुधात लिंबू पिळणं, असं तिचे रसायनशास्त्राचे सर नेहमी म्हणत. तिने पट्टी लावून अठरा फेब्रुवारीची नोंद सरळ कापली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘अविश्वसनीय’.

नव्वद साल होतं. मंदाकिनी पाष्टे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डोंबिवलीला कोपर रोडवरच्या चाळीत राहायची आणि कॉलेजसाठी ठाण्याला यायची. कॉलेजच्या फळ्यावर जानेवारीत एक चिठ्ठी लागली होती: खोपटच्या ‘पाणवठा मंडळा’ला विहिरींचं पाणी तपासायला एक विद्यार्थी हवा, चार महिने, दरमहा तीनशे रुपये मानधन. अर्ज तिघांनी केले. सिल्व्हर नायट्रेटची बाटली काळीच का असते, हे मंदाकिनीला सांगता आलं, म्हणून निवड तिची झाली.

घरी मात्र तिच्या वडिलांना, विठ्ठल पाष्ट्यांना, हे पटेना. ते ठाण्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. अक्षर उलटं वाचायची सवय असलेला माणूस, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची मागची बाजू आधी बघायचा.

“समाजसेवा करायची तर खुशाल कर. पण तिचे पैसे घ्यायचे? देवळात घंटा वाजवल्याचा पगार मागतं का कोणी?”

मंदाकिनीने हा प्रश्न जसाच्या तसा मंडळाच्या बाबुराव सरांपुढे ठेवला. बाबुराव म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक. एस.टी. डेपोशेजारी, सायकलवाल्याच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि एक ब्युरेट एवढं त्यांचं मंडळ.

“वडिलांना सांग,” ते चष्मा पुसत म्हणाले, “फुकट काम करणाऱ्याला फक्त धन्यवाद देता येतात. जाब विचारता येत नाही. आणि मला तर जाब विचारायचा आहे.”

काम सरळ होतं. मंडळाकडे देणगीतून एवढंच बळ जमलं होतं की खाडीकाठच्या तीन विहिरींपैकी दोनच दुरुस्त करता येतील. तिसरी यादीतून जाईल. अशी वगळलेली विहीर पुढे बुजवली जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोळीवाड्यातली विहीर त्या तिघींत सगळ्यात जुनी. तिथे रोज सकाळी सहा वाजता एक बाटली भरायची, तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि तक्त्यात नोंद करायची, हे काम आवडाबाई नाखवा करत. मंदाकिनी बुधवारी आणि शनिवारी बाटल्या घेऊन खोपटला यायची आणि प्रत्येकीतलं मीठ मोजायची.

आवडाबाईंची पन्नाशी उलटलेली. सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजारात, दुपारी घरात. दोन वर्षांपूर्वी प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या लिहायला शिकल्या होत्या. तारीख, वेळ आणि ‘शेरा’ असे तक्त्यात तीन रकाने होते. शेऱ्याचा रकाना बहुतेक रिकामा असायचा. एखादं अक्षर काढायलाही आवडाबाईंना भाकरी थापण्याएवढा वेळ लागे, हे मंदाकिनीने पाहिलं होतं.

आणि अठरा फेब्रुवारीला त्या रकान्यात पहिल्यांदा एक शब्द उमटला. पेन्सिलीने, दाबून, रेघेच्या वर-खाली जात लिहिलेला.

‘भांग’.

दुसऱ्या दिवशीही भांग. मग पंधरा दिवस काही नाही. पाच-सहा मार्चला पुन्हा भांग.

मंदाकिनीने त्या बाटल्या तपासल्या आणि तिच्या भुवया वर गेल्या. एरवी या विहिरीच्या पाण्यात काही थेंब क्रोमेट टाकून ब्युरेटच्या मोजनळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडलं, की तेवीस-चोवीस मिलिलीटरपर्यंत पिवळं पाणी ढिम्म हलत नसे. मग कुठे विटकरी रंग यायचा. जितकं मीठ जास्त, तितका हा रंग उशिरा. या बाटल्यांना चार मिलिलीटरच्या आतच विटकरी. म्हणजे पाणी जवळजवळ नळासारखं गोड.

नळासारखं! तिथेच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिवरात्र तेवीस फेब्रुवारीला होती, शिमगा मार्चात. सणासुदीचे दिवस. घरातलं कोणीतरी भांग पिऊन बाटली भरायला गेलं, विहिरीपर्यंत पाय पोचले नाहीत, आणि कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळालाच बाटली लावली. आवडाबाई प्रामाणिक, म्हणून त्यांनी ते नोंदवूनही ठेवलं. एका बुधवारी ती कोळीवाड्यात गेली, तो नेमका शेऱ्यात ‘भांग’ असलेला दिवस निघाला. भर दुपारी सगळे पुरुष ओटीवर बसलेले, एकही होडी पाण्यात नाही. आता आणखी काय पुरावा हवा?

एप्रिलच्या मध्यापर्यंत अशा नऊ नोंदी झाल्या आणि नऊ लाल रेघा. उरलेल्या आकड्यांची सरासरी लिटरला बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास आली. अहवालाच्या शेवटच्या पानावर मंदाकिनीने वाक्य लिहिलं: ‘पाणी पिण्यास व स्वयंपाकास अयोग्य. ही विहीर दुरुस्तीच्या यादीतून वगळावी.’ वाक्य तिला आवडलं. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

बावीस एप्रिलच्या रविवारी मंडळाची सभा होती. बाबुराव सरांनी अहवाल चाळला, तक्ते पाहिले आणि एवढंच म्हणाले, “नोंद करणाऱ्याची सही राहिली आहे. ती घेऊन ये.”

गुरुवारी दुपारी मंदाकिनी तक्ते घेऊन आवडाबाईंच्या दारात उभी राहिली. ओटीवर त्यांचे यजमान गोमाजी जाळं पसरून बसले होते. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून फाटलेली घरं विणणं चाललं होतं. शेजारीही जाळी, पलीकडेही जाळी. आजही होड्या काठावरच.

“ये गो पोरी,” आवडाबाई पदराला हात पुसत आल्या. “सही पायजे? दे, करते की. अंगठा नाय हां, सही.”

त्यांनी तक्ता मांडीवर घेतला. पेन्सिल तोंडात ओली केली. मग त्यांची नजर वर सरकली आणि तिथेच राहिली. एक लाल रेघ. तिच्या खाली दुसरी. पान उलटलं, तिथेही.

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, “माजं अक्षर वाईट हाय का?”

“नाही, मावशी! अक्षराचं नाही.”

“मंग खोडलंस कशाला? मास्तरीन पन खोडायची, पन ती बाजूला बरोबर काय ते लिवून द्यायची. तू तं नुसतंच खोडलंस.”

मंदाकिनीने तक्त्याकडे हात नेला आणि मागे घेतला. पण ती शास्त्राची विद्यार्थिनी, प्रश्न विचारल्याशिवाय राहणार कशी? तिने आवाज खाली आणला. “मावशी, रागावू नका. पण त्या दिवशी बाटली कोणी भरली होती? म्हणजे... भांग नेमकं कोण पितं तुमच्या घरात?”

आवडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गोमाजींच्या हातातली सुई थांबली. आणि मग ते असे हसले की अंगठ्यातला दोरा सुटला.

“अगो आवडे! महिन्यातनं दोन बारीला भांग पितेस नि मला वास पन नाय? एकलीच पितेस?” त्यांनी शेजारच्या ओटीकडे हाक टाकली, “अरे परशुराम, ऐकलास का? आमची आवडा भांग पिऊन पानी भरते, सरकारी कागदावर लिवलंय!”

“भांगेचं नाय गो बाय,” आवडाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. पण आता त्यांनाही हसू फुटलं होतं. “भांगाचं! भांगाचं पानी!”

मंदाकिनीने दोन्ही शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. एका मात्रेचा फरक होता, आणि तिला तो कानाला कळत होता, डोक्याला नाही.

गोमाजींनी मग हातातली सुई जाळ्यात खोचली आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. “हे बघ. पुनव-अमावस आली का पानी मोठं. उधान. काठावर चढतं, नि वढ अशी का जाळं भरून येतं. अष्टमी आली का पानी मरतं. चढत नाय, उतरत नाय, नुसतं डुलतं. तो भांग. भांगाला जाळं टाकून काय करायचं? म्हून घरी बसायचं, फाटलंय ते विनायचं. तुला वाटलं आमी पिऊन पडलोय?”

मंदाकिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला तसंच वाटलं होतं.

“आनि हिर?” आवडाबाई म्हणाल्या. “हिरीचा झरा गोड हाय. माज्या सासूच्या टायमाला बारा महिने गोड होती. मागला बांध फुटला, तवापासनं उधानाचं पानी आत शिरतं. भांगाला शिरत नाय, म्हून भांगाला गोड. आमी बाया तेवढ्या दिवसात हंडे भरून ठेवताव. मला वाटलं, तुला ह्येच तर पायजे. एवढं सगलं लिवता येईना, म्हून एकच शब्द लिवला.”

एकच शब्द. सगळं त्यातच होतं.

“चला,” मंदाकिनी उठली, “मला दाखवा.”

विहिरीच्या मागे, खाडीच्या बाजूला, दगडमातीचा बांध दहा-बारा पावलं खचला होता. दोन-अडीच महिने ती या विहिरीसाठी येत होती, पण विहिरीच्या मागे कधी गेली नव्हती. बाटल्या तिला दारात मिळत होत्या. तिने पोहरा सोडला, पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायली. गोड. थोडं मातकट, पण गोड. मग तिने पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं. आज चैत्र वद्य नवमी. खोडलेल्या नऊ तारखा तिने एकेक करून तिथींशी लावल्या. नऊच्या नऊ अष्टमी आणि एकादशीच्या मध्ये. आणि धुळवडीचा दिवस? ज्या दिवशी खरोखर कोणी भांग प्यायलं असतं, त्या दिवशी शेऱ्याचा रकाना कोरा होता आणि मीठ चौदाशेवर. तो आकडा तिच्या डोळ्यांसमोर महिनाभर होता.

त्याच संध्याकाळी ती खोपटला गेली आणि बाबुराव सरांना सगळं सांगितलं, भांग पिण्याच्या कल्पनेसकट. लपवावंसं वाटलं, पण तेवढंच लपवलं असतं तर उरलेलं खोटं झालं असतं.

सर हसले नाहीत. “उत्तम,” ते म्हणाले. “रविवारी हेच सभेत सांगायचं. आणि नोंद करणारीला बरोबर आण.”

सभेत चार माणसं होती. त्यांतले दौलतराव निवृत्त इंजिनियर. पन्नास वर्षांत त्यांनी कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य केली नव्हती. मंदाकिनी बोलली, चूक सांगितली, तिथी सांगितल्या. आवडाबाई धुवट हिरवं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या.

दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे आठवड्यापूर्वी हे नऊ आकडे अविश्वसनीय होते,” ते म्हणाले, “आणि आज त्यांच्यावरच विहीर वाचवायची. याला शास्त्र म्हणायचं की सोय?”

मंदाकिनीला राग आला, आणि लगेच कळलं की प्रश्न बरोबर आहे. त्यांच्या जागी तिनेही तोच विचारला असता.

“झालेल्याचा अर्थ लावणं सोपं असतं,” ती सावकाश म्हणाली. “मग न झालेलं सांगून बघू. आवडामावशी पुढच्या दोन आठवड्यांतले गोड पाण्याचे दिवस आजच लिहून देतील. कागद पाकिटात बंद. बाटल्या रोज तुम्ही स्वतः भरून घ्या, तारखेऐवजी अक्षरं टाका, क्रम मोडा. कुठली कुठल्या दिवसाची ते मला कळता कामा नये. मी फक्त मीठ मोजीन.”

“आणि चुकलं तर?”

“तर विहीर वगळा. माझं आधीचं वाक्य तसंच ठेवा.”

मंदाकिनीने आवडाबाईंकडे पाहिलं. आपण कोणाची विहीर पणाला लावतोय, हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. “मावशी, चालेल ना?”

“पानी काय आज वलखते का मी?” आवडाबाई म्हणाल्या. “कागद दे.”

त्यांनी टेबलाशी वाकून लिहिलं. दौलतरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तरी त्या घाईने लिहीनात. लिहिलं, घडी केली, पाकिटात घातलं. पाकीट बाबुराव सरांच्या कपाटात गेलं.

पुढचे दोन आठवडे दौलतराव रोज पहाटे स्कूटरवरून कोळीवाड्यात जात होते. तिसऱ्या दिवसापासून गोमाजी त्यांना चहा पाजू लागले आणि “सायब, भांग बिंग नाय ना घेतली आज?” असं विचारू लागले. दौलतरावांनी बाटल्यांवर अक्षरं टाकली, क्रम मोडला, कुठलं अक्षर कुठल्या दिवसाचं याची यादी स्वतःच्या खिशात ठेवली.

सहा मेच्या रविवारी मंदाकिनी खोपटच्या खोलीत सगळ्यांसमोर ब्युरेटपाशी उभी राहिली. तेवीस एप्रिल ते पाच मे, रोजची एक, अशा तेरा बाटल्या. पहिलीला तेवीस मिलिलीटर लागले. दुसरीला पंचवीस. तिसरीला बावीस. आवडाबाई खुर्चीवर आज मागे टेकून बसल्या होत्या. मंदाकिनीने मात्र ब्युरेटची तोटी पुन्हा तपासली. चौथीलाही एकवीस. या सगळ्या उधाणाच्या असू शकतात, ती मनाशी म्हणाली, किंवा मी दुसऱ्यांदा चुकले असू शकते.

पाचवी बाटली. दौलतरावांनी तिच्यावर ‘ख’ लिहिलं होतं. तीन मिलिलीटर. साडेतीन. एका थेंबासरशी पिवळ्या पाण्यात लाली पसरली आणि ढवळूनही गेली नाही. विटकरी!

तेरा संपल्या तेव्हा कागदावर तीन अक्षरं वेगळी पडली होती: ख, ढ, प. बाकी सगळ्या खारट. दौलतरावांनी खिशातून स्वतःची यादी काढली. “ख म्हणजे तीन मे. ढ, दोन मे. प, चार मे.” मग म्हणाले, “पाकीट मीच उघडतो.”

कागदावर मोठ्या, रेघेच्या वर-खाली जाणाऱ्या अक्षरांत तीन आकडे होते: ८, ९, १०. वैशाखाची अष्टमी, नवमी, दशमी. बाबुराव सरांनी पंचांग पुढे केलं. दोन मे, तीन मे, चार मे. खाली एकच शब्द: भांग. आणि त्याखाली सही.

दौलतरावांनी तो कागद दोनदा वाचला. मग उभे राहून आवडाबाईंना नमस्कार केला, नुसती मान हलवून नाही, दोन्ही हात जोडून. “बाई, विहीर चांगली आहे. बांध वाईट आहे. आपण बांध दुरुस्त करू.”

“ते तं मी फेब्रुवारीतच लिवलेलं,” आवडाबाई म्हणाल्या.

सभा उठायच्या आधी मंदाकिनीने आणखी एक मागणी केली. “सर, जाब विचारायचा म्हणून मला मानधन आहे. आज जाब मावशींना विचारला, आणि त्यांनी दिला. मग मानधन त्यांनाही हवं.” बाबुराव सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मान डोलावली. अहवालाच्या पहिल्या पानावर ‘निरीक्षण’ या शब्दापुढे आवडाबाई गोमाजी नाखवा आणि त्याच्या खाली ‘तपासणी’पुढे मंदाकिनी विठ्ठल पाष्टे, असा क्रम मंदाकिनीनेच लावला. नऊ लाल रेघाही तिने अहवालात तशाच राहू दिल्या. फक्त प्रत्येकीच्या बाजूला, बरोबर काय ते लिहून दिलं.

नवे तक्ते मंडळाने छापून घ्यायचं ठरवलं आणि काम विठ्ठल पाष्ट्यांच्या छापखान्यात गेलं. एका संध्याकाळी ते कच्चं मुद्रित घेऊन घरी आले. बोटांना शाई तशीच.

“मंदे, हा रकाना बघ. ‘उधाण की भांग’ असं आहे. भांग? मालक म्हणतो, मुद्रणदोष असणार. मी म्हटलं, थांबा, मुलीला विचारतो.”

“दोष नाही, बाबा. दोष माझा होता.” आणि तिने त्यांना सगळं सांगितलं.

विठ्ठलरावांनी मुद्रित दिव्याजवळ नेलं. आयुष्यभर त्यांनी काना-मात्रेचे खिळे शोधण्यात डोळे घालवले होते. एका मात्रेत अख्खी विहीर बुडू शकते, हे त्यांना दुसऱ्या कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. मग त्यांनी घंटेची गोष्ट स्वतःच काढली. “त्या सरांना सांग,” ते म्हणाले, “घंटा वाजवायचा पगार नसतो. पण ती बरोबर वेळेला वाजवणाऱ्याचा असायला हवा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तो रकाना पुन्हा जुळवला, दोन शब्द ठळक खिळ्यांत.

छापलेले तक्ते घेऊन मंदाकिनी कोळीवाड्यात गेली तेव्हा बांधावर दगड येऊन पडले होते. आवडाबाईंनी कोरा तक्ता हातात घेतला, दूर धरला, मग जवळ आणला. बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचू लागल्या. उ, धा, ण. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

“ए, इकडे या,” त्यांनी गोमाजींना हाक मारली. “बघा. माजा शब्द छापलाय.”

गोमाजी जाळं सोडून उठले. दिवस उधाणाचे होते, होडी काढायची वेळ होत आली होती. तरी ते बायकोच्या खांद्यावरून वाकून, स्वतःला वाचता न येणारी अक्षरं बराच वेळ बघत उभे राहिले.

“कंचा गो?” ते म्हणाले. “बोट ठेव. मला पन दाव.”